चौदा महिने वापरलेला डेबियनचा फाइल सर्व्हर: फाइलची ओळख कशी जपतो?

ठाकूरद्वारला चाळीतल्या दोन खोल्यांत आमचं स्कॅनिंगचं काम चालतं. जुनी मासिकं, संस्थांचे अहवाल, कुणाच्या आजोबांच्या हाताने लिहिलेल्या वह्या असं सगळं येतं. डेमी आकाराचं एक रंगीत पान ४०० डीपीआयला स्कॅन केलं की कच्ची टिफ फाइल साधारण २२ एमबीची होते, म्हणजे दोनशे पानांचं पुस्तक सव्वाचार जीबीच्या आसपास जातं. स्कॅनर विंडोजच्या एका संगणकाला जोडलेला आहे. पानं सरळ करणं, कडा कापणं आणि टेसरॅक्ट या प्रोग्रॅमने मराठी ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणं) ही कामं लिनक्सचे तीन संगणक करतात. सगळ्यांच्या मध्ये एक फाइल सर्व्हर आहे, आणि हे परीक्षण त्याचंच आहे. जुना ऑफिस संगणक, त्यावर डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली, आणि डेबियनमध्येच मिळणारा एनएफएस सर्व्हर, म्हणजे नेटवर्कवरून फाइली वाटणारा प्रोग्रॅम. चौदा महिने रोज वापरल्यावर लिहितेय.

फाइल सर्व्हरची परीक्षणं मी बरीच वाचली होती. त्यांत वेग असतो, डिस्क किती मावतात ते असतं, विजेचं बिल असतं. एक गोष्ट मात्र कुठेच सापडली नाही, ती म्हणजे सर्व्हर बंद पडून परत सुरू झाला की त्याला आधीच्याच फाइली ओळखू येतात का. माझ्या लेखी हा पहिला प्रश्न आहे. तो पहिला का झाला ते आधी सांगते.

याआधी आमच्याकडे एक तयार पेटी होती. कंपनीचं नाव सांगत नाही, मॉडेल जुनं होतं आणि आता बाजारात नाही. तिला दोन डिस्क यूएसबीने जोडलेल्या होत्या. एका जुलैत भर पावसात वीज गेली, पंधरा मिनिटांनी आली, पेटी आपोआप सुरू झाली. ओसीआरच्या तिन्ही संगणकांवर ‘स्टेल फाइल हँडल’ हा संदेश येऊ लागला. त्याहून घाबरवणारी गोष्ट म्हणजे मासिकांच्या डिस्कवर मला वह्यांची फोल्डरं दिसत होती. माझी सहकारी रडवेली झाली, ‘ताई, सगळं पुसलं गेलं का?’ पुसलं काहीच गेलं नव्हतं. पेटी सुरू होताना दोन डिस्क उलट्या क्रमाने सापडल्या होत्या. पहिलीला दुसरीचा डिव्हाइस नंबर मिळाला, दुसरीला पहिलीचा. आणि ती पेटी ‘ही फाइल कुठल्या डिस्कवरची’ हे त्या नंबरावरूनच ठरवत होती.

हे समजायला मला चार दिवस लागले. समजलं ते माझ्या आधीच्या नोकरीमुळे. मी दहा वर्षं ग्रंथालयात होते. ग्रंथालयात पुस्तक आलं की दाखल नोंदवहीत त्याला दाखल क्रमांक मिळतो. पुस्तकाचं कपाट बदलतं, वर्गांक बदलतो, बांधणी नवी होते, मुखपृष्ठावरचं नाव उडून जातं, पण आतल्या पानावरचा दाखल क्रमांक तोच राहतो. वाचक नाव सांगून पुस्तक मागतो आणि आपण नोंद क्रमांकाने ठेवतो. एनएफएस अगदी असंच चालतं.

क्लायंट, म्हणजे ओसीआरचा संगणक, सर्व्हरला पूर्ण पत्ता कधीच सांगत नाही. तो एकेक पायरी उतरतो. मुळातल्या फोल्डरची खूण त्याच्याकडे असते. ती दाखवून तो विचारतो, ‘यात मासिके नावाचं काही आहे का?’ सर्व्हर त्या फोल्डरची खूण देतो. ती खूण दाखवून पुढचं नाव विचारायचं, असं करत फाइलपर्यंत पोचायचं. शेवटी हातात येतं ते फाइल हँडल. मग वाचायचं असो वा लिहायचं, प्रत्येक मागणीबरोबर हँडल जातं, नाव जात नाही. हँडलच्या आत काय आहे हे क्लायंटला कळत नाही आणि कळायची गरजही नाही. बंद लिफाफा जसा दिला तसा परत करायचा. उघडून वाचायचा अधिकार फक्त सर्व्हरला.

लिनक्सच्या सर्व्हरवर त्या लिफाफ्यात मुख्यतः तीन गोष्टी असतात. पहिली, कुठली फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइली मांडून ठेवणारी व्यवस्था), तिची ओळख. दुसरी, त्या फाइल सिस्टिममधला आयनोड क्रमांक, म्हणजे आमचा दाखल क्रमांक. तिसरी, जनरेशन नंबर. ही तिसरी गोष्ट ग्रंथालयात लागत नाही, कारण पुस्तक बाद केलं तरी त्याचा दाखल क्रमांक आपण दुसऱ्या पुस्तकाला देत नाही. डिस्कवर तसं नसतं. फाइल पुसली की तिचा आयनोड मोकळा होतो आणि पुढच्या नव्या फाइलीला तोच क्रमांक मिळू शकतो. चाळीतली चौदा नंबरची खोली रिकामी झाली आणि नवं बिऱ्हाड आलं, तर जुन्या भाडेकरूचं पत्र केवळ ‘खोली नंबर १४’ बघून आत टाकणारा पोस्टमन घोटाळा करील. म्हणून आयनोड नव्याने वापरात आला की त्याच्याबरोबर नवा जनरेशन नंबर येतो. जुनं हँडल घेऊन कुणी आलं तर क्रमांक जुळतो, जनरेशन जुळत नाही, आणि सर्व्हर सांगतो: स्टेल. शिळं झालंय, ज्याला शोधताय ते इथे राहत नाही.

त्या जुलैत आम्हाला यानेच वाचवलं. उलट्या झालेल्या डिस्कवरही त्याच क्रमांकाचे आयनोड होतेच. जनरेशनची तपासणी नसती तर अर्ध्यावर असलेलं ओसीआरचं लिखाण एखाद्या वहीच्या पानावर जाऊन बसलं असतं. तेव्हापासून ‘स्टेल फाइल हँडल’ वाचलं की मला त्याचा राग येत नाही. सर्व्हरने चुकीच्या फाइलीला हात लावायला नकार दिला, एवढाच त्याचा अर्थ.

मग मी नव्या सर्व्हरच्या शोधाला लागले. गिरगावातून ऑपेरा हाऊसवरून लॅमिंग्टन रोडला चालतच जाते मी. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलेलं असतं, पण सुटे भाग घ्यायला जाणारा प्रत्येक जण लॅमिंग्टन रोडच म्हणतो. तिथे ऑफिसातून निघालेले संगणक विकणाऱ्या एका दुकानातून साडेतेरा हजाराला एक टॉवर घेतला. आत चार डिस्क बसतील एवढी जागा, १६ जीबी रॅम, गिगाबिट नेटवर्क. यूएसबीच्या वाटेला परत जायचं नाही हे पक्कं होतं, म्हणून ४ टीबीच्या दोन डिस्क आतच बसवल्या आणि त्यांची रेड-१ जोडी केली, म्हणजे दोन्हींवर तेच लिहिलं जातं. डिस्क आणि यूपीएस धरून एकूण खर्च टॉवरच्या तिप्पट झाला.

डेबियन बसवणं सोपं, एनएफएस सर्व्हरचं पॅकेज एका आज्ञेत येतं. वेळ घ्या तो एक्सपोर्ट्स फाइलीत. कुठलं फोल्डर कुणाला द्यायचं ते तिथे एकेका ओळीत लिहितात. आताचा लिनक्स फाइल सिस्टिमची ओळख तिच्या यूयूआयडीवरून घेतो. हा १२८ बिटांचा आकडा डिस्क फॉर्मॅट करताना तिच्यावरच लिहिला जातो, त्यामुळे ती कुठल्याही केबलला लावली तरी ओळख तीच राहते. तरीही मी एफएसआयडी हा पर्याय वापरून स्वतःचा क्रमांक लिहून ठेवला. एका एक्सपोर्टला १०१, दुसऱ्याला १०२. यूयूआयडी नसलेली किंवा फ्यूजवर (म्हणजे लिनक्सच्या गाभ्याबाहेर) चालणारी फाइल सिस्टिम वाटायची असेल तर हा क्रमांक द्यावाच लागतो. शून्य मात्र वापरू नका, एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीत त्याचा अर्थ ‘सगळ्यांचं मूळ’ असा होतो.

दुसरा पर्याय सबट्री चेकचा. तो चालू असला की हँडलमध्ये फाइल कुठल्या फोल्डरात आहे त्याचीही खूण जाते, आणि उघडलेली फाइल दुसऱ्या फोल्डरात हलवली की हँडल अडचणीत येतं. दाखल क्रमांकात कपाटाचा नंबर घुसवण्यासारखंच हे. आता तो मुळातच बंद असतो, मी बंदच ठेवलाय. पण मग एक पथ्य पाळावं लागतं: वाटायचं ते सगळं स्वतंत्र पार्टिशनवर, म्हणजे डिस्कच्या वेगळ्या भागावर, ठेवा. एका मोठ्या पार्टिशनमधलं एकच फोल्डर वाटलं, तर कुणी हँडल अंदाजाने रचून त्या फोल्डरच्या बाहेर पोचू शकतं.

आता अनुभव.

सातव्या महिन्यात जागा भरत आली. ४ टीबीच्या जागी ८ टीबीच्या डिस्क घालायच्या होत्या. मी सर्व्हर बंद केला तेव्हा एका संगणकावर १९३०च्या दशकातल्या एका मासिकाचं ओसीआर चालू होतं आणि ते थांबवायला मी विसरले. माऊंट (सर्व्हरचं फोल्डर क्लायंटला जोडणं) ‘हार्ड’ प्रकारचा होता, म्हणजे सर्व्हर येईपर्यंत क्लायंट वाट बघतो. पडद्यावर ‘सर्व्हर नॉट रिस्पॉन्डिंग, स्टिल ट्रायिंग’ एवढंच. पंचवीस मिनिटांनी एक नवी डिस्क घालून सर्व्हर सुरू केला, ‘सर्व्हर ओके’ आलं, आणि ओसीआर अडकलेल्या पानापासून पुढे चालू लागलं. रात्रभर जुन्या डिस्कवरून नवीवर सगळं उतरलं, दुसऱ्या दिवशी दुसरी बदलली, मग फाइल सिस्टिम चालू असतानाच वाढवली. डिस्क दोन्ही नव्या, पण फाइल सिस्टिम तीच, आयनोड तेच, म्हणून हँडलंही तीच. हेच मी रिकाम्या नव्या डिस्कवर फाइली कॉपी करून केलं असतं तर नावं सगळी जशीच्या तशी आली असती आणि प्रत्येक फाइलीचा आयनोड बदलला असता. तेव्हा क्लायंट आधी अनमाऊंट करूनच ते करावं लागतं.

दुसरा प्रसंग छोटा आहे, पण मला तो फार आवडतो. सहकाऱ्याने विंडोजवरून एका फोल्डरचं नाव बदललं. ‘अंक’ऐवजी ‘अंक १९३५’ केलं. त्याच वेळी त्या फोल्डरमध्ये ओसीआर चालू होतं. काहीही बिघडलं नाही. आमची स्क्रिप्ट आधी फोल्डरमध्ये शिरते आणि मग फाइली नुसत्या नावाने उघडते. तिच्या हातात फोल्डरचं हँडल होतं, फोल्डरचं नाव काय झालं याचं तिला देणंघेणं नव्हतं. स्क्रिप्टने दर वेळी पूर्ण पत्ता वापरला असता तर पुढचीच फाइल सापडली नसती. त्या दिवशी मी उरलेल्या दोन जुन्या स्क्रिप्टही तशाच करून टाकल्या.

उलट प्रसंगही घडला, आणि त्यात चूक आमच्या स्क्रिप्टची होती. कडा कापणारी स्क्रिप्ट नव्याने चालवली की ती ‘कापलेली’ नावाचं जुनं फोल्डर पुसून त्याच नावाचं नवं करायची. ओसीआरचा संगणक त्याच फोल्डरमध्ये बसलेला. त्याला लगेच ‘स्टेल फाइल हँडल’. नाव तेच, जागा तीच. एलएस कमांडला आय पर्याय देऊन पाहिलं तर आयनोड क्रमांकसुद्धा तोच आला, नुकताच मोकळा झालेला क्रमांक ईएक्सटी४ या आमच्या फाइल सिस्टिमने परत वापरला होता. बदलला होता तो फक्त जनरेशन नंबर. वरच्या सगळ्या माहितीचा खरा अर्थ मला त्या दुपारी कळला. आता ती स्क्रिप्ट फोल्डर पुसत नाही, आतल्या फाइली रिकाम्या करते. तेव्हापासून हा संदेश एकदाही आलेला नाही.

एनएफएसचं मूळ जुनं आहे. १९८४ साली सन मायक्रोसिस्टिम्समध्ये ते तयार झालं. १९८९ला प्रसिद्ध झालेल्या आरएफसी १०९४ या तांत्रिक दस्तऐवजात दुसऱ्या आवृत्तीचं हँडल नेमकं ३२ बाइटांचं आहे. १९९५च्या तिसऱ्या आवृत्तीत ते ६४ बाइटांपर्यंत जाऊ शकतं, चौथीत १२८ पर्यंत. सुरुवातीच्या आवृत्त्यांत सर्व्हरने कुणी काय उघडलंय याची आठवण ठेवायचीच नाही असं ठरवलेलं होतं. सगळी माहिती मागणीतच यायची, म्हणून सर्व्हर पडून उठला तरी काम पुढे चालायचं. चौथ्या आवृत्तीत सर्व्हर उघडलेल्या फाइलींची आणि कुलपांची नोंद ठेवतो. त्याची किंमत आम्हाला जाणवते: सर्व्हर परत सुरू झाल्यावर ९० सेकंदांपर्यंत नव्या फाइली उघडत नाहीत, कारण जुन्या क्लायंटना आपापले हक्क आधी सांगायला वेळ दिलेला असतो. पहिल्यांदा मला वाटलं सर्व्हर अडकला. दीड मिनिट थांबा, एवढंच.

विंडोजच्या संगणकासाठी त्याच सर्व्हरवर सांबा, म्हणजे विंडोजच्या एसएमबी पद्धतीने फाइली वाटणारा प्रोग्रॅम, चालू आहे. तिथली रीत वेगळी. एसएमबीत क्लायंट वाटलेल्या फोल्डरपासून पुढचं पूर्ण नाव सांगून फाइल उघडतो आणि सर्व्हर त्याला १६ बाइटांचा फाइल आयडी देतो, पण तो त्या उघडण्यापुरताच असतो. सर्व्हर परत सुरू झाला की आमच्याकडे स्कॅनिंगचा प्रोग्रॅम त्रुटी दाखवतो आणि चालू पान पुन्हा स्कॅन करावं लागतं. स्कॅन करणारा माणूस समोरच बसलेला असल्याने आमचं निभावतं. रात्रभर एकट्याने चालणाऱ्या कामाला मी एनएफएसच देईन.

आता एक असा त्रास, जो इंग्रजीत काम करणाऱ्या कुणाच्या परीक्षणात सापडणार नाही. आमच्या फोल्डरांची नावं मराठीत असतात. एके दिवशी एकाच जागी ‘दुसऱ्या आवृत्ती’ या नावाची दोन फोल्डरं दिसली. अक्षर न् अक्षर सारखं, आयनोड क्रमांक वेगळे. खुलासा असा: ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो. एकात ऱ, हलन्त, य असतं. दुसऱ्यात साधा र, हलन्त, मग न दिसणारा जोडणीचा वर्ण आणि य. ‘दुसऱ्या’ आणि ‘दुसर्‍या’, डोळ्यांना फरक नाही. पण पहिल्यात ७ वर्ण म्हणजे २१ बाइट, दुसऱ्यात ८ वर्ण म्हणजे २४ बाइट. सर्व्हर नावं बाइटनेच ताडून बघतो, त्याच्या दृष्टीने ही दोन वेगळी नावं. ॲ आणि अ‍ॅ यांचंही हेच. युनिकोडचं नॉर्मलायझेशन (समान रूपं एक करण्याची रीत) इथे उपयोगी पडत नाही, कारण ही रूपं युनिकोडच्या लेखी समान धरलेली नाहीत. मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली, जी नव्या फोल्डरांची नावं एकाच रूपात आणते. ती लावल्याशिवाय मराठी नावांनी काम करणाऱ्या कुठल्याही कार्यालयाने सामायिक सर्व्हर सुरू करू नये, असं माझं ठाम मत आहे.

याच मुद्द्यावर आणखी एक: ईएक्सटी४वर एका नावाला २५५ बाइटांची मर्यादा आहे. देवनागरीचा प्रत्येक वर्ण ३ बाइट खातो, काना-मात्रा-अनुस्वार वेगवेगळे मोजले जातात. म्हणजे ८५ वर्ण. संस्थांच्या अहवालांची पूर्ण नावं यात बसत नाहीत. आम्ही आता फोल्डरला आमचा दाखल क्रमांक देतो आणि पूर्ण नाव आतल्या एका मजकूर फाइलीत लिहितो.

बाकी उणिवा थोडक्यात. बटणं दाबून चालवायचा पडदा नाही, सगळं आज्ञा लिहून. पंख्याचा आवाज दुपारच्या शांततेत शेजारच्या काकूंना ऐकू जायचा, तो बदलून घेतला. एनएफएसच्या साध्या मांडणीत क्लायंट जो वापरकर्ता सांगेल तो सर्व्हर खरा मानतो, म्हणून हा सर्व्हर आमच्या बंद नेटवर्कच्या बाहेर कधीच दिसत नाही. आणि रेडची जोडी म्हणजे बॅकअप नव्हे, त्यासाठी तिसरी डिस्क वेगळी आहे, ती मी दर शनिवारी घरी नेते.

तयार पेटी घ्या की असा सर्व्हर जुळवा, पैसे देण्याआधी एक गोष्ट करून बघा. मी ती दुकानातच केली होती. घरून डेबियन घातलेली एसएसडी नेली, टॉवरमध्ये लावली, माझा लॅपटॉप केबलने जोडला आणि सर्व्हरवरून एक मोठी फाइल कॉपी करायला लावली. कॉपी अर्ध्यावर असताना दुकानातल्या मुलाला टॉवरची केबल उपटायला सांगितली. त्याने दोनदा विचारलं, ‘मॅडम, नक्की?’ केबल परत लावली, टॉवर सुरू झाला. लॅपटॉपवरची पट्टी बराच वेळ हलली नाही, तोवर मुलगाही माझ्याबरोबर पडद्याकडे बघत उभा होता. मग ती सरकू लागली, शेवटपर्यंत गेली. दोन्ही बाजूंच्या फाइलींचे चेकसम (मजकुरावरून निघणारे पडताळणीचे आकडे) काढले, जुळले. तेव्हा पैसे दिले.